सचिव, चिटणीस आणि कार्यवाह



स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेत विद्यार्थी प्रतिनिधीच्या नावाखाली 'सचिव' छापलेले असते, त्याच्या बिल्ल्यावर 'सेक्रेटरी' असते आणि मैदानात त्याला 'जी.एस.' अशी हाक पडते. एकाच पदाच्या या नावांचा विचार करण्यास भोरइतके योग्य गाव नाही, कारण येथील संस्थानिकांची ओळखच 'पंतसचिव' या पदाने झाली.

'सेक्रेटरी' हा शब्द गुपित या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला असून धन्याची गुपिते सांभाळणारा, हा त्याचा मूळ अर्थ होय. संस्कृत 'सचिव' मात्र सोबत असणे या अर्थाच्या 'सच्' धातूशी जोडला जातो. सोबती, मग साहाय्यक आणि मग राजाचा मंत्री, असा त्याचा अर्थ वाढत गेला.

शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामांना संस्कृत नावे देण्यात आली, तेव्हा 'सुरनीस' हा 'सचिव' झाला. यातील 'नीस' म्हणजे लिहिणारा, आणि तोच फडणीस, पोतनीस, सबनीस या आडनावांत आजही टिकून आहे. राजपत्रे तपासावीत, त्यांतील अधिक-उणे अक्षर दुरुस्त करावे आणि महाल-परगण्यांचे हिशेब पाहावेत, हे सचिवाचे काम. पत्रे लिहिण्याचे काम चिटणिसाचे, आणि ते बाळाजी आवजी यांच्याकडे होते. लिहिणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, हा बारकावा 'सेक्रेटरी' या एका शब्दात मावत नाही.

1697 मध्ये राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले, पुढे हे पद त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालले आणि 1948 च्या विलीनीकरणापर्यंत भोर संस्थान पंतसचिवांचे राहिले. वेल्ह्याकडील राजगड आणि प्रचंडगड, म्हणजे तोरणा, हेही त्याच संस्थानात होते.

आजच्या वापरात मंत्रालयात सचिव, राजकीय पक्षात सरचिटणीस आणि साहित्यसंस्थेत कार्यवाह, म्हणजे कार्य वाहून नेणारा, असे शब्द रुळले आहेत, आणि त्यांची अदलाबदल कानाला लगेच खटकते. अमेरिकेच्या 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'ला मराठी वृत्तपत्रे परराष्ट्रमंत्री म्हणतात ते योग्यच, कारण तेथे हे मंत्र्याचे पद आहे. शब्दशः 'राज्याचा सचिव' लिहिले तर वाचकाला तो मंत्रालयातील अधिकारी वाटेल.

म्हणून या सर्वांच्या जागी एकच मराठी शब्द ठरवून टाकणे इष्ट नाही. संमेलनाचा वार्षिक अहवाल ज्या विद्यार्थ्याने लिहिला तो चिटणीस, ज्या विद्यार्थिनीने त्यातील ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारले ती खऱ्या जुन्या अर्थाने सचिव, आणि पारितोषिकांची यादी ज्याने अजून कोणाला कळू दिलेली नाही, तो लॅटिन अर्थाने सेक्रेटरी.