एकाच माहितीसाठी दहा खिडक्या कशाला?

सरकारी कार्यालयांत संगणक आले, तरी खेटे संपतातच असे नाही. प्रत्येक खाते आपली वेगळी यंत्रणा उभारते आणि नागरिक तोच पत्ता, तीच जन्मतारीख पुन्हा पुन्हा भरत राहतो.

जेमतेम 13 लाख वस्तीच्या एस्टोनियाने 2001 मध्ये यावर ‘एक्स-रोड’ हा उपाय काढला. सगळी माहिती एका अवाढव्य कोठारात ओतण्याचा मोह त्यांनी टाळला, हे फार शहाणपणाचे. माहिती ज्या त्या खात्याकडेच राहते. ठरलेल्या सुरक्षित वाटेने फक्त विचारणा आणि उत्तर जाते. प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सही असते, वेळेची नोंद असते.

औषधाच्या दुकानात हे नीट दिसते. रुग्ण ओळखपत्र पुढे करतो. डॉक्टरांनी लिहिलेले औषध पडद्यावर येते, आरोग्य विम्याची सवलत बिलातून आपोआप वजा होते. कागदी चिठ्ठी लागत नाही. 2010 पासून तिथे हा रिवाज रुळला आहे.

आपली माहिती कोणी पाहिली, हेही नागरिकाला सरकारी पोर्टलवर तपासता येते. विश्वास बसतो तो अशा उघडेपणामुळे.

शेजारच्या फिनलंडनेही हीच रचना उचलली. 2017 मध्ये दोन्ही देशांनी तिच्या देखभालीसाठी टाल्लिनमध्ये सामाईक संस्था स्थापन केली.