अळी आणि मुखवटा : एका जर्मन शब्दाची कुळकथा



कामगार संघटनेचा माणूस अळीवर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. आमची शाळा लवकर सुटली. पाळी संपल्यावर शब्दकोश चाळीत जे शिकलो, त्यातलाच एक शब्द आज आपल्यापुढे ठेवीत आहो.

जर्मन भाषेत कीटकाच्या अळीला 'लार्फे' म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन, 'लार्वा'. जुन्या रोमन लोकांत लार्वा म्हणजे माणसांना भेडसावणारे भूत. मुखवट्यालाही तोच शब्द चाले. मुखवटा हा अर्थ जर्मन भाषेतही रुळला. पुढे अठराव्या शतकात स्वीडनचे सृष्टिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी हे नाव अळीला लावले. अळीच्या रूपाआड पुढचे फुलपाखरू झाकलेले असते; म्हणून अळी हा त्याचा मुखवटा!

याच शब्दापासून जर्मनांनी 'एन्टलार्फेन' हे क्रियापद केले. आपण ज्याला बुरखा फाडणे म्हणतो, तेच ते. वाटाघाटीला बसलो की आमचेही काम हेच असते. मालक म्हणतो, कारखाना तोट्यात आहे; आम्ही म्हणतो, ताळेबंद दाखवा. मुखवटा निघाला की मागे माणूसच सापडतो, आणि माणसाशी करार करता येतो.

पण त्याच भाषेत दुसराही एक शब्द आहे : 'शेटलिंग', म्हणजे पिकाची नासाडी करणारी कीड. शब्द शेतीतला, साधा. नाझींनी तो माणसांना लावला. २ मे १९३३ रोजी त्यांनी जर्मनीतील कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि पुढाऱ्यांना अटकेत टाकले. ५ सप्टेंबर १९३९ रोजी 'राष्ट्राची कीड' ठरवलेल्यांविरुद्ध हुकूम निघाला. हवाई हल्ल्याच्या भीतीने दिवे मालवलेले असताना काळोखाचा फायदा घेऊन केलेल्या चोरीलाही त्यात देहान्ताची शिक्षा होती. आणि आउश्वित्झच्या छावणीत माणसे मारण्यासाठी वापरलेले त्सिक्लोन बी हे मुळात कीटकनाशकच होते. शब्द आधी गेला, औषध मागाहून गेले.

हे परक्या देशाचे म्हणून सोडून देता येत नाही. गेटसभेत प्रतिपक्षाला जळू म्हणावे, ढेकूण म्हणावे, की टाळ्या हमखास पडतात. त्या टाळ्यांचा मोह आम्हां वक्त्यांना फार. पण एखाद्याला कीड म्हटले की औषध कोणते, एवढाच प्रश्न उरतो. त्याने मुखवटा घातला आहे असे म्हटले, तर आत कोण आहे, हे पाहावे लागते. संप कितीही लांबो, राग कितीही चढो, कामगारांनी हा दुसरा प्रश्न सोडू नये, एवढेच आमचे आपल्याजवळ मागणे आहे.