ऑनलाइन संशोधन आणि गावचा शिक्षक
(उरण येथील परिषदेतील स्वागतपर भाषण)

सन्माननीय अध्यक्षमहाराज, निमंत्रित अभ्यासक आणि शिक्षकबंधुभगिनींनो,

ऑनलाइन संशोधनपद्धतींचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेत उरणकरांच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. कोणी लाँचने मोऱ्याच्या धक्क्यावर उतरले असतील, कोणी पनवेलवरून आले असतील. ज्या साधनाविषयी आपण बोलणार आहोत, ते आज बहुतेकांच्या खिशातच आहे. ते हाती घेऊन काय विचारावे आणि मिळालेले उत्तर कसे पारखावे, याचाच विचार आपणांस करावयाचा आहे.

उदाहरण याच गावचे घेऊ. उरणची जुनी माहिती हवी म्हणून कोणी एकोणिसाव्या शतकातील कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर संगणकावर उघडले, तर त्याची निराशा होईल. उरणसह पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्यामुळे उरणचे वर्णन १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या खंडात सापडते. पुढे १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. म्हणजे एका गावाचा शोध घेताना तीन जिल्ह्यांची नावे ध्यानी ठेवावी लागतात. हे ज्ञान शोधणाऱ्याजवळ आधी असावे लागते.

तद्वत् ‘न्हावा-शेवा’ हा शब्द शोधून पाहावा. १९८९ मध्ये सुरू झालेल्या बंदराची जहाजे व कंटेनर लगेच पुढे येतात. परंतु ही मूळची गावांची नावे आहेत आणि बंदरासाठी शेवेकरांना आपली जुनी जागा सोडावी लागली. तेथील घरे कशी होती, मासळी कोणत्या खाडीत मिळे, हे वृद्धांच्या स्मरणात आहे. ती माणसे गेली की ही माहितीही जाईल. ती त्यांच्याच आगरी-कोळी बोलीत, त्यांच्या अनुमतीने ध्वनिमुद्रित करून, तारीख व स्थळ नोंदवून ठेवणे हे आपल्या हातचे संशोधन आहे.

२५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. अशा घटनेविषयीचा मजकूर भ्रमणध्वनीवर आला, तर तो पुढे धाडण्यापूर्वी चिरनेरच्या हुतात्मा स्मारकाशी आणि त्या काळच्या वृत्तपत्रांशी ताडून पाहावा. दहा ठिकाणी एकच वाक्य दिसले, तरी ते एकाच ठिकाणाहून उतरलेले असू शकते. तसे असेल, तर तो पुरावा एकच होय.

आणखी एक सावधगिरी सांगतो. घारापुरीची लेणी १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मात्र त्या बेटावर समुद्राखालील केबलने वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. जग ज्यांना पाहते, त्यांना जगाशी जोडणारी साधने वेळेवर मिळतातच असे नाही. आपण पालकांना फोनवर प्रश्नावली पाठवतो, तेव्हा घरातील एकुलता फोन बापाबरोबर मासेमारीस गेलेला असू शकतो. आलेल्या उत्तरांवरून ‘पालकांचे मत’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी किती घरांतून उत्तर आले नाही ते मोजावे आणि त्या घरांच्या दारी स्वतः जावे.

मुलांविषयीचे आपले उत्तरदायित्व तर अधिकच मोठे आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे. यास्तव पालकांच्या संमतीवाचून विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र वा गुण आंतरजालावर जाऊ नयेत.

असो. विद्वानांचे विचार ऐकण्यास आपण उत्सुक आहात; मी अधिक वेळ घेत नाही. येथून परतताना प्रत्येकाने आपल्या गावाविषयीचा एक तरी प्रश्न बरोबर न्यावा आणि वर्षअखेर त्याचे पारखलेले उत्तर शाळेच्या दप्तरी नोंदवावे, एवढी विनंती करून पुनश्च आपले स्वागत करतो.