खुली विद्या, सामाईक पैसा आणि आपला हक्क



आजचा विषय नावाने परका वाटेल, पण तो इचलकरंजीच्या पोटापाण्याचा आहे. विद्यापीठांतील संशोधक त्यास खुले संशोधन, खुली संगणकप्रणाली आणि लोकवर्गणीचे भांडवल अशी नावे देतात. अनेकांनी मिळून विद्या वाढवावी व अनेकांनी मिळून पैसा उभारावा, हा त्याचा सारांश होय. मी वकील असल्याने एकच प्रश्न विचारणार आहे : अशा सामाईक कामात ज्याने दिले, त्याच्या हाती कोणता हक्क राहतो?

१९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी या गावी पहिला यंत्रमाग आणला. पुढे गल्लोगल्ली माग झाले. मागाची जुळणी व दुरुस्ती ही विद्या बहुतेकांनी जॉबरच्या हाताखाली राहून, एकमेकांचे पाहून मिळविली. १९८३ साली रॉबर्ट ॲलन या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लंडातील क्लीव्हलंड भागातील लोखंडाच्या भट्ट्यांविषयी असेच दाखविले. एकोणिसाव्या शतकात तेथील कारखानदार आपल्या भट्टीची उंची व कामगिरी एकमेकांस उघडपणे सांगत, आणि त्यामुळे सर्वांच्याच भट्ट्या सुधारल्या. विद्या वाटल्याने वाढते, हे खरे. तथापि विद्या सर्वांची झाली म्हणून माग, सूत आणि बाजार सर्वांचे झाले नाहीत. व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणणारा खर्चीवाला आणि त्याच्या मागावर उभा राहणारा कामगार, यांना हे सांगावयास नको.

मग वाटलेली विद्या पुन्हा कोणाच्या कुलुपात जाऊ नये म्हणून काय करावे? अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली खुली संगणकप्रणाली घडविण्याचे काम जाहीर केले व १९८९ साली तिच्यासाठी परवाना सिद्ध केला. प्रणाली कोणीही वापरावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेली प्रत वाटावयाची तर ती त्याच अटींवर वाटली पाहिजे. त्यांनी कायदा दूर सारला नाही. स्वामित्वहक्काचा कायदाच त्यांनी सर्वांच्या रक्षणास लावला.

आपल्या घरचे उदाहरण घ्या. आपल्या देशात लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून कोणासही छापता येतात. इतरांनी केलेल्या भाषांतराचा हक्क मात्र निराळा असतो. तसेच मागात सुधारणा करणाऱ्या कारागिराने पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी ती जाहीर केली, तर सामान्यतः त्यास पेटंट मिळत नाही. पण तारखेसह छापील पुरावा असेल, तर त्याच सुधारणेवर दुसऱ्या कोणासही मालकी सांगणे कठीण जाते.

आता पैशाकडे वळू. ईथन मॉलिक यांनी २०१४ साली लोकवर्गणीच्या ४८,५०० हून अधिक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वस्तू देण्याचे वचन देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाळण्याचा प्रयत्न केला, परंतु शेकडा ७५ हून अधिकांनी वस्तू उशिरा दिली, असे त्यांना आढळले. उशीर झाला किंवा काम बुडाले, तर देणारा काय मागू शकतो? त्याने पैसा काय म्हणून दिला, यावर ते ठरते. देणगी सहसा परत मागता येत नाही. कर्ज परत मागता येते. भाग घेतला तर मालकीचा अंश मिळतो, आणि तोट्याचाही. सहकारी संस्थेत, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे, भाग कितीही असोत, सभासदास मत एकच. कंपनीची गोष्ट वेगळी. खासगी रीतीने भाग विकणाऱ्या कंपनीस एका आर्थिक वर्षात सामान्यतः २०० हून अधिक व्यक्तींस तसा देकार करता येत नाही. म्हणून ‘आमच्या कंपनीत मालक व्हा’ असा निरोप मोबाईलवर गावभर फिरू लागला, तर पैसे देण्यापूर्वी थांबावे.

विद्या द्यावी, पैसाही द्यावा. सामाईक कामावाचून गरिबाचे मोठे काम उभे राहत नाही. परंतु विद्या देताना परवाना लिहावा, आणि पैसा देताना देणगी, कर्ज की भाग हे पावतीवर लिहून घ्यावे. घरातील शिकलेल्या मुलीने वा मुलाने तो कागद मोठ्याने वाचून दाखवावा, आणि सर्वांस समजल्यावरच सही करावी.