सांडपाण्याचा जमाखर्च
(कामरेज येथील मेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेतले कारकून, आम्हाला जमाखर्चच सुचतो. आज खानदेशातल्या आपल्या गावांच्या पाण्याचा मांडू.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले. दोन हजार वस्तीला ते १ लाख १० हजार लिटर होते. त्यातले सुमारे ६५ टक्के, म्हणजे सत्तरेक हजार लिटर, आंघोळ-धुणीभांडी होऊन गटारीत जाते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा शिंदखेडा-अमळनेरचा माणूस हे पाणी डासांना देतो!

उपाय अवघड नाही. गटारीच्या तोंडाशी गाळ बसण्याची टाकी, पुढे तळाला प्लॅस्टिक अंथरलेला उथळ खड्डा, त्यात खडी आणि खडीत कर्दळ, पाणकणीस लावायचे. पाणी खडीखालून सावकाश सरकते. मुळांवरचे व खडीवरचे जिवाणू घाण खातात. नागपूरच्या नीरी संस्थेचे ‘फायटोरिड’ तंत्र याच जातीचे. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेत २०१२ पासून रोज २२ लाख लिटर सांडपाणी अशाच पाणथळीत शुद्ध करून शेतीला देण्याची सोय झाली.

मात्र हे पाणी पिण्याचे नाही, कच्च्या खायच्या भाजीलाही नको. कपाशीला, झाडांना द्यावे. टाकीतला गाळ वेळेवर काढला नाही तर खडी तुंबते. जागाही लागते. म्हणून ग्रामपंचायतीचा ठराव आणि देखभालीला नेमलेला माणूस, दोन्ही हवेत.

सांडपाण्याची किंमत आपण सुरतकरांना सांगायला नको. पांडेसऱ्याच्या कारखान्यांना महानगरपालिका २०१४ पासून बमरोलीचे शुद्ध केलेले सांडपाणी विकत देऊ लागली. तिथे आपलेच भाऊबंद राबतात.

आता पैशाचे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून, पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद धरली होती. दोन हजार वस्तीला ५ लाख ६० हजार. आपल्या गावाने किती मागितले, कुठे खर्चले? गटार काँक्रीटची केली म्हणजे काम संपत नाही. पाणी फक्त गावाबाहेर नेऊन सोडले जाते.

आखाजीला आपण गावी जातोच. १ मेची ग्रामसभा त्याच सुमारास असते. ज्यांचे नाव गावच्या मतदार यादीत आहे त्यांनी सभेत उठून हा हिशेब विचारावा. बाकीच्यांनी भाऊ-वहिनींना पाठवावे. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यालाही हाच प्रश्न करावा : गटारीच्या शेवटी काय?