रक्तदात्याचा सत्य शब्द
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



संमेलनाच्या निमित्ताने आपले मंडळ रक्तदानाचे शिबिर भरविते, ही भूषणावह गोष्ट आहे. त्यासंबंधी एक लहानसा, परंतु महत्त्वाचा विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

शिबिरात डॉक्टर विचारतात, “अलीकडे कोठे प्रवास झाला काय?” कित्येकांना हा प्रश्न अप्रस्तुत वाटतो. वस्तुतः त्यामागे सबळ कारण आहे. डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका हे रोग डासांच्या दंशाने होतात. परंतु त्यांचे विषाणू काही दिवस माणसाच्या रक्तात वास करितात. त्या अवधीत दिलेले रक्त रुग्णास बाधण्याचा धोका असतो. झिकाची बाधा झालेल्या बहुतेकांना ताप येतच नाही. डेंग्यूचेही पुष्कळदा तसेच असते. म्हणून “मी ठणठणीत आहे” एवढे म्हणणे पुरेसे नाही. २००७ साली सिंगापुरात एका दात्यास रक्तदानानंतर ताप आला. त्याने रक्तपेढीस कळविलेही; परंतु तोवर त्याचे रक्त रुग्णांना देऊन झाले होते व त्यांतून डेंग्यू पसरला.

आपल्या देशात दान केलेल्या रक्ताची एड्स, ‘ब’ व ‘क’ प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप यांसाठी तपासणी सक्तीची आहे. डेंग्यू व झिका त्या यादीत नाहीत. तेथे दात्याचा सत्य शब्द हाच रुग्णाचा आधार होय.

राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचे २०१७ चे निकष सुबोध आहेत. डेंग्यूग्रस्त प्रदेशातून परतल्यावर ताप आला नसेल तरीही ४ आठवडे थांबावे. डेंग्यू वा चिकुनगुन्या झाला असल्यास पूर्ण बरे झाल्यावर ६ महिने थांबावे. झिकाची साथ असलेल्या ठिकाणी जाऊन आल्यास ४ महिने थांबावे. झिका काही केवळ दूरदेशीचा रोग नव्हे. २०२१ साली तो पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी आढळला आणि २०२४ साली पुणे शहरात. तेव्हा प्रवास देशांतला असो वा परदेशचा, आपल्याच गावी साथ असो, सारे डॉक्टरांस सांगावे व निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

अडचण येते ती संकोचाची. मित्रमंडळी रांगेत उभी असता आपणच परत फिरावे, हे तरुणांस अपमानास्पद वाटते. कार्यकर्त्यांसही पिशव्यांचा आकडा वाढावासा वाटतो. परंतु त्या पिशवीची वाट पाहणारा एखादा अशक्त रुग्ण, एखादी बाळंतीण वा तान्हे मूल असते. त्यांस दाता कोण हे ठाऊक नसते. ती मंडळी केवळ विश्वासावर ते रक्त घेतात.

म्हणून माझी विनंती अशी की, कार्यकर्त्यांनी कोणासही आग्रह करू नये. ज्यांस थांबावयास सांगितले असेल, त्यांची नावे व पुढील तारीख वहीत टिपून ठेवावी आणि त्यांस मुदतीनंतर आदराने बोलवावे. सुटीसाठी परदेशाहून घरी आलेल्या मुलामुलींस वडीलधाऱ्यांनी हे आधीच समजावून सांगावे. खरे सांगून परत फिरणाऱ्या दात्याचा मान रक्त देणाऱ्याहून तिळमात्र कमी नाही.