मोजणीत न बसणाऱ्या मुली
(चाकण परिसरातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी अनेकजणी विचारतात, सरकार म्हणतं गळती कमी झाली आणि आपल्या वस्तीत तर आठवी-नववीच्या पोरी घरी बसलेल्या दिसतात. मग खोटं कोण बोलतंय? मला वाटतं, कुणी मुद्दाम खोटं बोलत असेलच असं नाही. आकडा कोण लिहितं, कुठे बसून लिहितं आणि त्याला कशाने भागतं, हे पाहिलं की बरंच उलगडतं. म्हणून आज थोडा हिशेब.

शाळांची देशभरची माहिती 'यू-डायस प्लस' या पद्धतीने गोळा होते. तिची सुरुवात १९९० च्या दशकात, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर झाली. २०१२-१३ पासून पहिली ते बारावीचा कारभार एकत्र आला. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. माहिती शाळेतून भरली जाते, जबाबदारी मुख्याध्यापकांची. मग ती तालुका, जिल्हा, राज्य अशी चढत दिल्लीला जाते. पूर्वी शाळा फक्त बेरीज कळवायची: पाचवीत मुलगे इतके, मुली इतक्या. २०२२-२३ पासून एकेका मुलाची नावानिशी नोंद होते. आधी देशाचा पट साडेसव्वीस कोटींच्या आसपास सांगितला जाई, तो २०२३-२४ मध्ये २४.८० कोटींवर आला. यातली खरोखर कमी झालेली मुलं किती आणि दोन-दोन शाळांत लागलेली नावं किती, हे नुसत्या बेरजेवरून सांगता येत नाही.

पण आपला मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. हा फॉर्म शाळेत भरला जातो. जी मुलगी शाळेत कधी गेलीच नाही, तिचा फॉर्म भरणार कोण?

आणि जी जात होती तिचं काय? समजा, बीडकडचं कुटुंब खराबवाडीत खोली घेऊन राहिलं. वर्षभराने कंत्राट संपलं, माणसं निघाली. मुलीचं नाव संगणकावर 'ड्रॉप बॉक्स'मध्ये टाकलं जातं. नव्या शाळेने ते ओढून घेतलं तर ती पुन्हा पटावर येते, नाहीतर तिथेच पडून राहते. उलटंही होतं. मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसलेली, पण नाव पटावर. पटावरच शिक्षकांची पदं ठरतात, संचमान्यता म्हणतात तिला. नाव कमी करायची घाई कोणाला असणार? बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. शिकवायचं सोडून ऑनलाइन माहिती भरत बसण्याचा त्यांनाही वीट आलेला असतो.

आता भागाकार. शंभर मुलींमागे किती शाळेत, हे काढायला त्या वयाच्या एकूण मुली किती हे लागतं. ती संख्या येते जनगणनेवरून केलेल्या अंदाजांतून, आणि शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती, म्हणजे २००१ च्या १० लाख १२ हजारांवरून दहा वर्षांत इतकी वाढलेली. चाकण तर ४१ हजारांचं गाव होतं! त्यानंतर कंपन्यांमागे माणसं किती आली हे चाळीत राहणाऱ्या कुणालाही विचारा. इतक्या जुन्या मापाने आजची टक्केवारी काढायची.

शाळाबाह्य मुलं शोधायला वेगळी सर्वेक्षणं होतात. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एकाच दिवसात मोजणी झाली. मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावली होती, मतदानासारखी. एका दिवसात! आईबाप दोघंही शिफ्टला, खोलीला कुलूप, पोरं इकडेतिकडे. आणि कुदळवाडीचं काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली भंगाराची गोदामं, शेड हजारोंनी पाडली. तिथे काम करणाऱ्यांची मुलं वर्ष संपायच्या आत कुठल्या शाळेच्या पटावर गेली, हा प्रश्न कुठल्या रकान्यात बसवणार?

शाळा का सुटली हे पटावरून कळत नाही. ते नमुना पाहणीत विचारलं जातं. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत मुलगे कमाईच्या कामामुळे आणि मुली घरकामामुळे शाळेबाहेर, असं ठळकपणे आलं. म्हणजे आपण वर्षानुवर्षं जे सांगतो तेच, पण ते राज्य-देश पातळीवर. नाणेकरवाडीपुरतं ते कुठेच मिळणार नाही. त्यात शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयापुरता. नववीला, म्हणजे घरातला दबाव वाढतो नेमक्या त्या वयात, कायद्याचा हात सुटतो.

तर करायचं काय? प्रत्येक शाळेची यू-डायसमधली बरीच माहिती क्रमांक टाकून कुणालाही पाहता येते. आठवीत मुली किती, मुलींचं स्वच्छतागृह 'चालू' लिहिलंय का, पाणी आहे का. ते उतरवून घ्या आणि शाळेत जाऊन दार उघडून बघा. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. आपल्या किती बायका त्या समितीत आहेत, आणि किती नुसत्या सहीपुरत्या? त्या बैठकीत हे आकडे वाचून दाखवायचे. माहिती दिली नाही तर २००५ चा माहिती अधिकार आहेच.

शिवाय आपली वही. चाळीनुसार, संध्याकाळी सातनंतर, आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. चाकणला ती रविवारीच असेल असं नाही, कंपनीगणिक वार वेगळा. मुलीचं वय, शेवटची इयत्ता, शेवटची शाळा, दाखला हातात आहे की नाही, दिवसभर ती काय करते. शेवटचा रकाना तिलाच विचारून भरायचा, आईला नाही. मुलींची नावं आपल्याजवळच ठेवायची, शिक्षण विभागाकडे न्यायची ती बेरीज. ज्या घरची तयारी असेल तिथल्या मुलीच्या प्रवेशासाठी मात्र नावानिशी अर्ज. कुरुळी आणि म्हाळुंगेच्या गटांनी आधी सुरुवात करावी, वह्या मी आणल्या आहेत.